किल्लीवाली, बुटकी आन म्हातारी

१६ ऑगस्ट, शनिवार. सांगली, पद्माक्काच्या घरी

आज रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. रिकामं होतं. नेमबाजीच्या क्लबातल्या सरांनी चाक उघडून सगळी भोकं दाखवली, पलीकडचा उजेड दिसला, तवा कुठं माझ्या हातात दिलं. वजन लहान वरवंट्याएवढं. लय बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

रिव्हॉल्व्हर हा शब्द क्लबाच्या पाटीवर बघून लिहिला, म्हणून बरोबर आहे. चौथी शिकलेल्या बाईला फार लांब पडतो. इथनं पुढं नुसतं रि.

मनू माझी नात, दिलीपची धाकटी, बावीस वर्षांची. आधी छर्ऱ्याचं पिस्तूल मारायची, आता रि.वर आली. शनिवारी रहिमतपुरात गाडीत बसायचं, सांगलीला उतरायचं, रविवारी परत. मुक्काम पद्माक्काकडं. पद्माक्का माझ्या माहेरची, शेजारची. आम्ही दोघी एका परकराचं कापड फाडून दोन केलेल्या.

दिलीपची अट, आजी बरोबर असेल तरच पोरगीनं सांगलीला जायचं. त्याला वाटलं म्हातारी चार फेऱ्यांत कंटाळेल आणि पोरीलाही घरी बसवेल. साठीला आला तरी त्याला आई कळली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

गाडीला उशीर आहे, फलाटावर बसून लिहिते. क्लबाच्या कपाटात तीन रि. आहेत. कंपन्यांची नावं इंग्रजीत, माझ्या तोंडात बसत नाहीत. मीच नावं ठेवली.

बुटकी. आपल्या देशातली. नळी आखूड, अंगानं भरलेली, मधून मोडून गोळ्या भरायच्या. चाप कडक. सर म्हणतात, चिखलात पडली तरी पुसून घ्या, चालेल. पण आखूड नळीनं लांबचा नेम धरायला त्रास.

म्हातारी. परदेशी, जुनी, कुणा कॅप्टनसाहेबांनी क्लबाला दिलेली. काळी, झिजली तिथं चांदीसारखी. घोडा मागं ओढून ठेवला की चाप नुसता श्वास सोडल्यागत सुटतो. म्हणजे सर म्हणतात, मी कुठं मारलीय. पण कुलूप नाही तिला. पूर्वी माणसावर भरवसा ठेवून करत असतील.

किल्लीवाली. ही पण परदेशी, नवी. नळी लांब, मागची नेमाची खाच स्क्रूनं वर-खाली होते. मुठीला रबर, मनूच्या हातात अगदी बसते. आणि कुशीला एक बारीक गोल भोक. त्यात किल्ली फिरवली की घोडा, चाप, सगळं गप्प. कुणीही ओढू दे.

मी सरांना विचारलं, मग लोक पिस्तूल कशाला घेतात. म्हणाले, "आजी, त्याचं त्याला बरं. पर रिव्हॉल्व्हर सरळ गडी हाय. आत लपवलेलं काय न्हाई. चाक उघडलं की भरलंय का रिकामं, डोळ्याला दिसतं."

मला हे लय आवडलं. डोळ्याला दिसतं.

गाडी आली.

२१ ऑगस्ट, गुरुवार. घरी

जेवताना मनूनं विषय काढला. क्लबातली रि. दोन दिवसांपुरती. पुढं जायचं तर रोज रिकामी धरून उभं राहायचा सराव पाहिजे, त्याला स्वतःची पाहिजे. तिला किल्लीवालीसारखी घ्यायची आहे. क्लबात निवड चाचणी होणार, तिच्यात गुण पडले तर परवान्यासाठी क्लब शिफारस देणार. मग पोलीस घरी येऊन घरच्यांना विचारणार, तुमची हरकत आहे का.

दिलीप म्हणाला, "घरात चिऊ हाय."

चिऊ म्हणजे मनूच्या थोरल्या भावाची पोरगी. नातू फौजेत, ती आणि तिची आई आमच्यात. साडेतीन वर्षांची. गॅसचं बटण, फ्रीज, माझं औषधाचं खोकं, तिला न उघडता येणारं अजून काय सापडलेलं नाही.

मी म्हटलं, अरे कुलूप असतं त्याला.

"आई, मी उभी उमर फौजेत काढली. मला कुलूप सांगू नगंस."

ताटावरनं उठला. भाकरी अर्धी तशीच. दिलीप भाकरी टाकत नाही कधी.

मनू रडली नाही. भांडी घासली. जरा जास्तच जोरात घासली.

३० ऑगस्ट, शनिवार. सांगली

पद्माक्काचा उपास, त्यांचं जैनांचं पर्युषण पर्व चाललंय. मला मात्र करकरून खायला घातलं. म्हणाली, "तू बंदुका हाताळून आलीस, तुला बळ पायजे."

ती मुंगीसुद्धा वाटेतनं उचलून बाजूला ठेवणारी. विचारत होती, "मनू कशावर मारती गं? बावल्यावर?"

"गोल कागदावर."

"कागदावर न्हवं? मंग बरं."

सरांकडनं दोन सुटी कुलपं मागून घेतली. रि. नाही, नुसती कुलपं. एक चापावर बसवायचं, आकडे फिरवायचं. दुसरं तारेचं, किल्लीचं. ती तार रि.च्या पोटातनं ओवतात, मग चाक मिटतच नाही. सर हसले, "घरी काय करताय?"

म्हटलं, परीक्षा घेते.

३ सप्टेंबर, बुधवार

परीक्षा झाली. आकड्याचं कुलूप किटलीच्या कडीला लावलं, तारेचं कढईच्या कानातनं ओवलं, आणि चिऊसमोर ठेवलं. दिलीप खुर्चीत पेपर धरून बसलेला. वाचत नव्हता.

आकड्याचं कुलूप तिनं चहा उकळायच्या आत उघडलं. ओढलं आणि निघालं. मी दाबून बंद केलं होतं, पण आकडे फिरवायचे राहिले, सगळी शून्यं तशीच. मनू कपाळाला हात लावून बसली.

दिलीप पेपराआडनं, "झाली परीक्षा?"

पण तारेचं नाही निघालं. ओढलं, आपटलं, चावलं. कढईसकट अंगणात फरफटत नेलं. मग पोरगी सरळ माझ्यासमोर उभी. "पणजी, किल्ली दे."

किल्ली माझ्या कमरेच्या चंचीत, सुपारीत. तिनं चंचीला हात घातला.

दिलीपनं पेपर खाली ठेवला. "बघितलंस आई? कुलपाचं न्हाई काय. माणूस कसा हाय ते बघाय लागतंय."

खरं होतं ना ते. त्या दिवसापासून चंची पदराच्या आतनं बांधते.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज पद्माक्का रेंजवर, नेम मारतात तिथं, आली. कानाला ते मोठे हेडफोन लावून बसली, डोळे मिटून, ओठ हलतायत. जप चालला होता. मनूचं झालं तेव्हा डोळे उघडले.

सरांनी कागद आणून दाखवला. पद्माक्का म्हणाली, "ह्यातलं मधलं भोक कुणी पाडलं?"

"मनूनंच, अक्का. सगळीच तिची."

"मंग मधल्यातनंच का घालवत न्हाई सगळ्या?"

सर म्हणाले, "आवं अक्का, त्यासाठीच तर जलम चाललाय आमचा."

तिनं कागद मागून घेतला. तिच्या घरी कॅलेंडराशेजारी लावलाय.

२० सप्टेंबर, शनिवार

मनू आज किल्लीवालीनं लय सुंदर. माझ्याच्यानं लिहवत नाही. तिचा खांदा, मनगट, सगळं एका रेघेत. श्वास अर्धा सोडते आणि मग काहीच हलत नाही, वेणीसुद्धा. चाप कधी ओढला ते कळत नाही. आवाज आल्यावर कळतं.

म्हातारीनं तिचे नेम उलट जास्त जवळजवळ पडतात. पण मनू म्हणते, आजी, म्हातारी क्लबातच बरी, घरात किल्लीवालीच. वडलांसाठी म्हणते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

क्लबात शस्त्रपूजा, म्हणून मधल्या वारीच सांगलीला आलो. रायफली, पिस्तुलं, तिन्ही रि., सगळी सतरंजीवर मांडलेली, सगळी रिकामी, सरांनी एकेक तपासून, किल्लीवालीला कुलूपही घातलेलं. दिवा, झेंडूची माळ. सर म्हणाले, "आजी, पूजा तुमी करायची."

मी म्हटलं, मला कशाला, मी आता.

"आजी, तुमच्यापरास मोठं हितं कोण हाय?"

मालक गेल्यापासून कुंकवाची डबी हातात धरली नव्हती. घरी सूनबाई करते, मी लांब बसते. आज धरली. पद्माक्काच्या रानातली हळद, तिच्याच करंड्यातलं मेण. कोरडं कुंकू लोखंडावर कसं टिकेल, म्हणून आमच्या जुन्या रीतीनं आधी मेण लावलं, त्यावर कुंकू दाबलं. बुटकीला मुठीवर. म्हातारीला मुठीवर. किल्लीवालीला मात्र जागा देवानंच ठेवलेली. कुशीला गोल खळगी, अगदी कपाळावर टिकली लावायची तेवढी. तिथं चांगलं भरून लावलं. लय शोभली. मनू पोरांना पेढे वाटत होती, तिनं बघितलं नाही.

डोळ्याला पाणी आलं. धुपाचं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

किल्लीवालीची किल्ली आत जाईना.

सरांनी बॅटरी मारून बघितलं. भोकात मेण, हळद, कुंकू, सगळं ठासून. टोचून बघितलं तर आणखी आत गेलं. मी म्हटलं, गरम पाणी. सर म्हणाले, "आजी, आता काय नका करू." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

एक मुलगा म्हणाला, जोर लावून फिरवू. मनूनं त्याच्या हातातनं किल्ली काढून घेतली. "न्हाई. कुलपाशी जोर करायचा न्हाई." मोठ्यानं नाही बोलली.

कोल्हापूरच्या बंदूकवाल्याकडं पाठवली. चाचणी रविवारी, तोवर येत नाही. म्हातारीवर कुणा दुसऱ्याचं नाव आधीच लागलंय. राहिली बुटकी, जिचा चाप मनूनं चार वेळासुद्धा ओढला नसेल.

पद्माक्का म्हणाली, "म्हंजे कुलूप लय झकास हाय. कुणालाच उघडंना." कुणी हसलं नाही.

मनूला म्हटलं, बाळा, माझ्यामुळं.

म्हणाली, "तू लय दिवसांनी कुंकू लावत हुतीस आजी. मला कळलं हुतं. चल, सोनं लुटाय जाऊ."

जेवण गेलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. रात्री

लिहायचं लय आहे, हात दुखतोय, तरी लिहिते.

दिलीप आला होता. काल घरी गेले तेव्हा म्हणाला, उद्या मी पण येतो. गाडीत खरं बोलला. सरांना तोंडावर सांगायला चाललो, दिवाळीपासनं मनूचं बंद. पोरगीला चाचणी मारू दे, तेवढं देतो, मग सांगतो. मनू दुसऱ्या डब्यात मैत्रिणींबरोबर. मी खिडकीतनं ऊस बघत बसले. त्याच्या बाजूनं मीच तर कुंकू भरलं होतं.

रेंजवर तो मागच्या बाकावर, हाताची घडी. मी शेजारी. मनूच्या हातात बुटकी. लहानपणी बाहुलीसुद्धा नाजूक धरणारी पोरगी, आता ती जाडी मूठ एका पंजात घट्ट धरून उभी. एका हातानंच मारायचं असतं.

सुरवातीचे नेम खाली पडले. चाप कडक, ओढताना नळी खाली जाते. मी बुटकीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग मनूनं काय केलं, थांबली. रि. खाली ठेवली, उघडून. दोन श्वास घेतले. पुन्हा उचलली. पुढचे नेम वर आले. काळ्या गोलात नाही सगळे, पण जवळ. मी शिव्या परत घेतल्या. ती बुटकी काही वाईट नाही हो. तिला धरणाऱ्यानं तिची सवय करून घ्यायची, ती सवय बदलणार नाही. अशा बायका मी बघितल्यात, आणि अडीअडचणीला त्याच येतात.

मग ते झालं. घड्याळाची फेरी चालली होती. एवढ्या वेळात एवढ्या गोळ्या मारायच्या. बाजूच्यांचे आवाज धडाधड. मनूनं चाप ओढला आणि नुसतं टक. गोळी उडालीच नाही.

मला माहीत होतं, पुन्हा ओढला की चाक फिरतं, पुढची गोळी समोर येते. सरांनीच सांगितलेलं. मी बसल्या जागी म्हणत होते, ओढ, ओढ, वेळ चाललाय.

तिनं नाही ओढला. नळी समोर कागदाकडं तशीच धरली. चापावरचं बोट बाहेर काढलं. दुसरा हात वर केला. आणि उभी राहिली. बाकीच्या मारतायत, घड्याळ पळतंय, ही एक हात वर, एक हात समोर, दगडासारखी. सर येईपर्यंत. सर पण धावत नाही आले, चालत आले. दोघं तिथं उभे राहिले, थांबले. मग सरांनी उघडली, गोळी काढून बघितली, बाजूच्या डब्यात ठेवली.

मी दिलीपकडं बघितलं. हाताची घडी सुटलेली. दोन्ही हात गुडघ्यावर, बोटं रुतवून.

नंतर कळलं, दोष गोळीत होता, रि.त नाही. अशी उशिरा पण उडू शकते म्हणे, म्हणून हलवायची नसते, थांबायचं असतं. फेरी परत मारायला दिली. गुण पुरले, अगदी कसेबसे. शिफारस मिळणार.

सर दिलीपकडं आले. "दादा, काय बोलायचं हुतं म्हणं तुमाला?"

दिलीप म्हणाला, "काय न्हाई. पोरगीला पानी प्यायला बरूबर काय आणलं न्हाई आमी. कुठं मिळंल?"

६ ऑक्टोबर, सोमवार

काल गाडीतलं राहिलं. मनू झोपली होती, डोकं माझ्या खांद्यावर. दिलीप खिडकीतनं कराड मागं पडताना बघत होता. मग म्हणाला, "वाट बघितली तिनं."

मी म्हटलं, कशाची?

त्याच्या पलटणीतला शिराळ्याकडचा एक होता. सुट्टीवर आमच्या घरी जेवून गेलेला, मला आठवतो, आमटी दोनदा मागून घेतली होती. मी इतकी वर्षं समजत होते तो लढाईत गेला. तसं नाही. सरावाला असंच टक झालं, आणि त्यानं वळून बघितलं, काय झालं म्हणून, तशी नळी त्याच्याच अंगाकडं आली आणि गोळी उशिरा उडाली.

"वळला आई, नुसता वळला. मी मागं हुतो."

मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. मोठ्या झालेल्या लेकाच्या पाठीवर हात फिरवायची सवय राहत नाही, कुठं ठेवावा कळेना.

मनू झोपेतच होती का जागी, माहीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. सांगली

किल्लीवाली आली. मेण काढलं, कुलूप पहिल्यासारखं फिरतं. बंदूकवाल्यानं निरोप पाठवलाय, म्हणे अशी तक्रार जन्मात आली नव्हती. कपाटाच्या दारावर सरांनी कागद लावलाय, पूजा फुलानं करणे. नाव घातलं नाही माझं.

मी तिघींना फुलं वाहिली. बुटकीला दोन.

२ नोव्हेंबर, रविवार

मनू आता गोंधळात. म्हणते, किल्लीवाली महाग, आणि बुटकी आता हाताला आवडाय लागली. बुटकीच्या जातीची घेतली तर तारेचं कुलूप वेगळं लावावं लागेल. सरांचं मत, खेळायला किल्लीवाली. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, किल्लीवालीच, पण बुटकीचा स्वभाव असलेली. अशी कुठली कंपनी काढत असेल तर.

घरात हा विषय दिलीपसमोर कुणीच काढत नाही. तोही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवान्याच्या चौकशीला पोलीस आले होते. वयस्कर, नम्र. चहा घेतला, चिऊनं त्यांची टोपी घेतली.

मनूला विचारलं, कशासाठी पाहिजे. तिनं सांगितलं. मला विचारलं, आजी, तुमाला काय वाटतं. मी सुरू केलं, तिघींची नावं, कुठलीचा चाप कसा, कुलपं किती जातीची, आकडे फिरवायचे विसरायचे नाहीत. त्यांचं पेन थांबलं. म्हणाले, "आजी, हरकत न्हाई एवढंच लिव्हतो."

मग दिलीपकडं वळले. "घरात ल्हान पोर दिसतंय. ठेवणार कुठं? आन तुमची काय हरकत?"

दिलीप चिऊकडं बघत होता. टोपी तिच्या नाकापर्यंत आलेली.

म्हणाला, "चार दिस द्या. ठाण्यात येऊन सांगतो."

ते बरं म्हणाले आणि गेले. मनू आत गेली. भांड्यांचा आवाज नाही आला, काहीच आवाज नाही आला.

मी तुळशीपाशी वाती वळत बसले. जरा वेळानं आतल्या खोलीतनं ठकठक ऐकू आली. दिलीप माझ्या पलंगामागच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवत होता. वर, डोक्याच्याही वर, चिऊ खुर्चीवर चढली तरी पोचणार नाही तिथं. मग थोडं डावीकडं. कान लावून ऐकत होता.

मला म्हणाला, "आई, ही भिंत आतनं इटंची हाय का दगडाची?"

म्हटलं, दगडाची.

"मंग पेटी ठोकाय मोठं ड्रिल लागंल," म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला. ठाण्याकडं गेला का बाजाराकडं, मी विचारलं नाही.